एल्फचा बाण

पाण्याने भरलेली घागर उचलताना किंवा सकाळी अंथरुणातून उठताना घरातील एखाद्या मोठ्या माणसाच्या पाठीत एकाएकी कळ येते आणि ते माणूस जागच्या जागी वाकडे होऊन राहते, हे तुम्ही कधीतरी पाहिले असेल. आपण म्हणतो, उसण भरली. मग कोणी तेल चोळायला सांगते, कोणी शेक घ्यायला सांगते, आणि गावात एखादा पायाळू माणूस असेल तर त्याचा पाय पाठीला लावून घ्या, असा सल्लाही हमखास मिळतो. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याच्या पायाने उसण जाते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे.

हीच उसण एक हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एखाद्या शेतकऱ्याच्या पाठीत भरली असती, तर तो बहुधा म्हणाला असता, "मला एल्फचा बाण लागला." हा आमचा कल्पनाविलास नव्हे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्या काळातील वैद्यकाचे एक हस्तलिखित आहे. 'लाक्नुंगा' या नावाने ते ओळखले जाते. एकाएकी टोचल्यासारखी कळ आली तर काय करावे, हे त्यात सांगितले आहे. तीन वनस्पती लोण्यात उकळायच्या आणि सोबत एक लांबलचक मंत्र म्हणायचा. अंगात शिरलेला भाला देवांनी मारलेला असो, एल्फनी मारलेला असो की चेटकिणींनी, त्याने बाहेर निघावे, असा त्या मंत्राचा आशय आहे. जर्मन भाषेत तर कंबरेच्या उसणीला आजही 'हेक्सेनशुस', म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण, असेच म्हणतात. जर्मन डॉक्टर हा शब्द वापरतात आणि औषध मात्र स्नायूंच्या दुखण्याचे देतात. समजूत गेली, शब्द राहिला!

पण हे एल्फ होते तरी कोण?

एल्फ म्हटले की वीतभर उंचीचा, टोकदार कानांचा आणि हिरव्या टोपीचा बुटका तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल. रात्री गुपचूप येऊन गरीब कारागिराचे जोडे शिवून देणारे बुटके जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या गोष्टींमुळे जगभर पोचले. सांताक्लॉजच्या कारखान्यात खेळणी तयार करणारे एल्फ तुम्ही नाताळच्या भेटकार्डांवर पाहिले असतील. त्या जुन्या शेतकऱ्याच्या मनातला एल्फ मात्र असा नव्हता. जुन्या इंग्रजी काव्यांत बायबलमधील सारा आणि ज्यूडिथ या रूपवती स्त्रियांना 'एल्फसारखी देखणी' असे विशेषण लावलेले आहे. आइसलँडमधील स्नोरी स्टुर्लुसोन या लेखकाने १२२०च्या सुमारास दोन प्रकारचे एल्फ वर्णिले. एक सूर्याहूनही तेजस्वी, तर दुसरे जमिनीखाली राहणारे आणि डांबराहून काळे. इंग्लंडच्या प्रसिद्ध आल्फ्रेड राजाच्या नावाचा अर्थच मुळी 'एल्फचा सल्ला' असा आहे. आपण मुलाचे नाव देवदत्त ठेवतो, तशातलाच हा प्रकार. वीतभर बुटक्याच्या नावावरून राजपुत्राचे नाव कोण ठेवील?

तेव्हा मूळचा एल्फ माणसाएवढा होता, देखणा होता, आणि लहर फिरली तर घातकही होता. शेक्सपिअरने सोळाव्या शतकाच्या शेवटी आपल्या नाटकांत या मंडळींना फुलापानांत मावतील इतके लहान केले, आणि पुढे चित्रकारांनी त्यांना पंख चिकटवले. त्यांची उंची त्यांना परत मिळाली ती १९५४-५५ साली, टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत. टोल्किन ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक होते. मूळ एल्फ कसा होता हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

एल्फ या शब्दाचीही एक गंमत आहे. १९व्या शतकात आडाल्बेर्ट कून या जर्मन पंडिताने त्याचा संबंध थेट ऋग्वेदातील ऋभूंशी जोडला. ऋभू, विभ्वन् आणि वाज हे तिघे भाऊ मोठे कसबी कारागीर. त्वष्ट्याने घडवलेल्या एका चमसाचे त्यांनी चार चमस केले, अश्विनीकुमारांना रथ करून दिला आणि आपल्या म्हाताऱ्या आईबापांना पुन्हा तरुण केले. तिकडे एल्फही कारागीर, इकडे ऋभूही कारागीर, आणि ध्वनीही मिळतेजुळते! आपल्याला ऐकायला फार बरे वाटते, परंतु आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मानत नाहीत. त्यांच्या मते एल्फचे मूळ 'पांढरा' या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे. लॅटिनमधील 'आल्बुस' हा शब्दही त्याच धातूपासून आला. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील अल्ब्युमिन तुम्हाला माहीत आहे ना? तो शब्द त्या आल्बुसपासून झालेला. म्हणजे एल्फ आणि अल्ब्युमिन हे दूरचे का होईना, भाऊबंद ठरतात.

शेतात सापडणारे बाण

आता पुन्हा त्या बाणाकडे वळू. एल्फ बाण मारतात हे सांगणाऱ्यांजवळ पुरावा होता, आणि तो हातात धरता येईल असा होता. स्कॉटलंडमध्ये जमीन नांगरताना किंवा मोठा पाऊस पडून गेल्यावर शेतात दगडाची छोटी, सुबक टोके सापडत. त्यांतील काही पिंपळपानासारखी, तर काहींना मागे वळलेले काटे आणि मधोमध दांडीसाठी शेपूट. चकमकीच्या दगडापासून इतकी नाजूक वस्तू घडवणारा कारागीर गावात तर कोणी नव्हता. मग ती कोणी घडवली? अर्थात एल्फनी! गाय एकाएकी आजारी पडली की तिला बाण लागला असे समजत, तिच्या कातडीवर जखमेची खूण शोधत आणि असे टोक बुडवलेले पाणी तिला पाजत. काही लोक ते चांदीत मढवून गळ्यात बांधत. असे ताईत आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात.

१६६२ साली स्कॉटलंडमधील ऑल्डर्न गावच्या इझोबेल गाउडी नावाच्या स्त्रीवर चेटकाचा आरोप आला. तिने जबानी दिली की, सैतान दगड ओबडधोबड घडवतो आणि एल्फची पोरे त्यांना शेवटची धार लावतात, हे आपण डोळ्यांनी पाहिले. विद्यार्थी मित्रहो, ही जबानी आपण जरा थांबून वाचली पाहिजे. दगडाचे हत्यार आधी ओबडधोबड फोडतात आणि मग बारीक टवके काढून त्याला आकार देतात, हा क्रम अगदी बरोबर आहे! कृती बरोबर, कारागीर तेवढा चुकला. आणि या चुकीची किंमत लहान नव्हती. त्याच स्कॉटलंडमध्ये १५८८ साली ॲलिसन पीअरसन नावाच्या स्त्रीला, ती 'एल्फेम'च्या म्हणजे एल्फच्या राज्याच्या राणीकडे जाते-येते म्हणून, दोषी ठरवून जाळण्यात आले होते.

कारागीर खरा कोण, हे ओळखणाऱ्यांपैकी एक होता एडवर्ड ल्विड. हा वेल्समधील विद्वान ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयाचा प्रमुख होता. वनस्पती, जीवाश्म आणि भाषा या तिन्हींत त्याला गती होती. १६९९ साली तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हिंडला. लोकांनी त्याला एल्फचे बाण दाखवले. ल्विडने ते पाहिले आणि त्याच्या लक्षात आले की, असेच दगड आपल्याला ठाऊक आहेत. अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागातले आदिवासी त्या काळीही आपल्या बाणांना अशीच चकमकीची टोके लावत असत. मग स्कॉटलंडमधील टोकेही माणसांनीच, धातू हाती येण्याआधीच्या माणसांनी, का केली नसतील? आपल्या एका पत्रात त्याने तसे स्पष्ट लिहून टाकले.

ल्विडला यासाठी ना सूक्ष्मदर्शक लागला, ना प्रयोगशाळा. त्याने दोन वस्तू शेजारी ठेवून पाहिल्या, एवढेच. पण 'हे बाण कोणाचे?' या प्रश्नाला इतके दिवस जे उत्तर होते, ते उत्तर नव्हतेच, ते एक नाव होते. 'एल्फ' म्हटले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नसे. 'माणूस' म्हटल्याबरोबर प्रश्नांची रांग लागली. कोणता माणूस? केव्हाचा? शिकार कशाची करत होता? या प्रश्नांची उत्तरे पुढे उत्खननांतून मिळत गेली. आज आपण जाणतो की यांतील पानाच्या आकाराची टोके पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची, नवाश्मयुगातील आहेत, आणि काट्यांची त्यांच्या नंतरची, ताम्र-कांस्ययुगाच्या आरंभीची.

दक्षिण इंग्लंडमधील हॅम्बल्डन हिल या टेकडीवर १९७० आणि १९८०च्या दशकांत उत्खनन झाले. तेथे नवाश्मयुगातील एका तरुणाचा सांगाडा मिळाला. त्याच्या छातीच्या फासळ्यांमध्ये चकमकीचे एक पानासारखे टोक होते. खराखुरा एल्फचा बाण लागून मेलेला माणूस! बाण सोडणारा मात्र त्याच्यासारखाच दोन पायांचा होता.

आपल्याकडेही जमिनीतून निघालेल्या दगडी हत्यारांना लोकांनी आपापल्या परीने अर्थ दिला. १९व्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांना उत्तर प्रदेशातील बांदा भागात नवाश्मयुगातील घासून गुळगुळीत केलेल्या कुऱ्हाडी पिंपळाखाली मांडून महादेव म्हणून पुजलेल्या आढळल्या. महाराष्ट्रात प्रवरेच्या काठी जोर्वे आणि नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात उत्खनने केली, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील दगडी पाती मोठ्या संख्येने मिळाली. ही पाती बोटभर लांबीची किंवा त्याहून लहान असतात. नदीकाठच्या शेतात असा चकचकीत, धारदार, मुद्दाम तासल्यासारखा तुकडा दिसला तर तो उचलण्याआधी कोठे पडला आहे ते नीट पाहून ठेवा आणि शिक्षकांना सांगा. जागा कळली नाही तर दगडाचे अर्धे मोल जाते.

गुंता आणि जट

दगडावर एल्फचे नाव लागले तर दगडाचे काही बिघडत नाही. माणसावर लागले म्हणजे बिघडते.

केसांचेच पाहा. केसांचा सुटता सुटत नाही असा गुंता झाला की इंग्लंडमध्ये त्याला एल्फने घातलेली गाठ म्हणत. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्यूलिएट'मध्ये या समजुतीचा उल्लेख आहे. हा गुंता सोडवला तर मोठे संकट येते, असे लोक मानत. पोलंडमध्ये तर डोकेच्या डोके जटांनी भरलेली माणसे खेडोपाडी दिसत. जट कापली तर आंधळेपण येते, वेड लागते, अशी त्यांना भीती घातलेली असे. हे वाचताना तुम्हाला काही ओळखीचे वाटले का? महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमाभागात मुलीच्या डोक्यात जट झाली की यल्लम्मा देवीचे बोलावणे आले असे समजत, आणि जट कापली तर देवीचा कोप होतो असे सांगत. एल्फ वेगळे, देवी वेगळी, हजारो मैलांचे अंतर, पण भीती एकच!

जट होते कशी? केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्यावर घरावरील कौलांसारखी खवल्यांची रचना दिसते. प्रत्येक खवल्याची कड केसाच्या टोकाकडे वळलेली असते. केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत, त्यात घाम, तेल, धूळ आणि उवा-लिखांचा चिकटा साठला, की खवले एकमेकांत अडकतात आणि घासले जातील तसतसे अधिकच घट्ट बसतात. मेंढीची लोकर भिजवून, दाबून, चोळून नमदा करतात, तो याच गुणधर्मावर. जट म्हणजे डोक्यावर तयार झालेला नमदा होय.

पोलंडमधील क्राकूव्ह शहरातील डॉक्टर योझेफ डिट्ल यांनी १९व्या शतकाच्या मध्यास अशा रुग्णांची पाहणी केली आणि हा कोणताही गूढ रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे, हे दाखवून दिले. केस कापा, धुवा, विंचरा, एवढाच त्यांचा उपाय. आपल्याकडे गोष्ट इतकी साधी नव्हती, कारण जट आलेल्या कितीतरी मुली लहानपणीच देवीला वाहिल्या गेल्या आणि देवदासी म्हणून त्यांचे सारे आयुष्य वाया गेले. देवदासी समर्पणाविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली नवे कायदे झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जट आलेल्या स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांची समजूत घालतात आणि त्यांच्या संमतीने जट कापतात. कात्रीचे काम थोड्या वेळाचे असते. समजूत घालायला कधी कधी महिने लागतात. मानेवरचे ओझे उतरल्यावर कित्येक जणींना प्रथमच नीट कुशीवर झोपता येते.

याहून भयंकर समजूत होती ती बदललेल्या मुलाची. पाळण्यातले धडधाकट मूल एल्फ चोरून नेतात आणि त्याच्या जागी आपले रोगट मूल ठेवतात, असे उत्तर युरोपात सर्वत्र मानत. जन्मतः ठीक दिसणारे मूल पुढे वाढेना, बोलेना, सारखे रडू लागले, की ते 'बदललेले' ठरे. मग खरे मूल परत यावे म्हणून त्या बाळाला रात्रभर उघड्यावर ठेवायचे, नाहीतर फावड्यावर बसवून आगीजवळ धरायचे! आयर्लंडमध्ये एल्फऐवजी परीलोकातील माणसे असत, बाकी समजूत तीच. तेथे मार्च १८९५ मध्ये ब्रिजेट क्लिअरी ही तरुण स्त्री काही दिवस आजारी होती. ही माझी बायको नव्हे, बदललेली कोणी आहे, असे म्हणत तिच्या नवऱ्याने तिला जाळले. ती मेली आणि नवऱ्याला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली. तेव्हा युरोपात रेल्वे होती, तारायंत्र होते, आणि त्याच वर्षाच्या शेवटी राँटगेनला क्ष-किरण सापडले.

या 'बदललेल्या' मुलांपैकी काहींना आज वैद्यक निराळ्या नावांनी ओळखते. १९६१ साली न्यूझीलंडमधील डॉ. विल्यम्स यांनी हृदयविकार असलेल्या काही मुलांची लक्षणे प्रसिद्ध केली. त्यांच्या महारोहिणीचा भाग हृदयाजवळ अरुंद होता आणि चेहऱ्यांत विलक्षण साम्य होते: नाक लहान आणि वर वळलेले, ओठ जाड, हनुवटी लहान. पुढे डॉक्टरांनीच या चेहऱ्याला 'एल्फसारखा' म्हटले. साडेसात ते दहा हजार जन्मांमागे असे एक मूल असते. अशी मुले अभ्यासात मागे पडतात, पण अनोळखी माणसाशीही मोकळेपणाने बोलतात, आणि गाण्याची त्यांना फार ओढ असते. १९९३ साली कारण हाती आले. सातव्या गुणसूत्रांच्या जोडीपैकी एकावरचा लहानसा तुकडा या मुलांत गळलेला असतो. त्या तुकड्यावर सुमारे पंचवीस जनुके असतात, आणि त्यांतले एक जनुक रक्तवाहिन्यांना लवचिकपणा देणारे इलॅस्टिन हे प्रथिन तयार करते. म्हणून महारोहिणी अरुंद होते.

अमेरिकन शास्त्रज्ञ हॉवर्ड लेनहॉफ यांनी १९९७ साली आपल्या सहकाऱ्यांसह असा तर्क मांडला की, एल्फच्या काही गोष्टी जुन्या काळातील अशाच माणसांवरून सुचल्या असाव्यात. त्यांची स्वतःची मुलगीही याच लक्षणांची आणि उत्तम गाणारी होती. तर्क मनोहर आहे, पण आमच्या मते तो जपून घ्यावा. मूळचे एल्फ तर उंच आणि देखणे होते, हे आपण वर पाहिलेच. लहान चणीचे, वर वळलेल्या नाकाचे एल्फ नंतरच्या चित्रांतले. 'एल्फसारखा चेहरा' हा शब्दप्रयोग आता डॉक्टरही टाळतात. आपल्या लेकराला कोणी असे म्हटलेले कोणत्या आईला आवडेल?

ढगांच्या वर

एवढे सगळे झाल्यावर शास्त्रज्ञांनी हे नाव पुन्हा म्हणून उच्चारू नये, असे तुम्हाला वाटेल. पण तसे झाले नाही. ६ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे संशोधक मंद प्रकाशात चालणारा एक कॅमेरा तपासून पाहत होते. दूरवरच्या वादळाच्या डोक्यावर प्रकाशाचे दोन प्रचंड स्तंभ क्षणभर उमटलेले त्यांना चित्रफितीत सापडले. वादळावरून जाणाऱ्या वैमानिकांनी असे काही पाहिल्याचे पूर्वीही सांगितले होते, पण तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. या लाल प्रकाशाला पुढे 'स्प्राइट', म्हणजे वनदेवतांसारखे चपळ भूत, असे नाव दिले गेले, आणि ते मुद्दाम दिले गेले. हा प्रकाश कशाने होतो ते तेव्हा माहीत नव्हते. नावातून खोटे कारण सूचित होऊ नये, म्हणून गोष्टीतले नाव बरे!

१९९० साली स्पेस शटलवरील कॅमेऱ्याने आणखी एक प्रकार टिपला. मोठी वीज पडली की तिच्यापासून विद्युत्-चुंबकीय स्पंद सर्व दिशांना जातो. तो जमिनीपासून ९० ते १०० किलोमीटर उंचीवर पोचला की तेथील इलेक्ट्रॉन वेगाने धावू लागतात आणि नायट्रोजनच्या रेणूंवर आदळून त्यांना प्रकाशमान करतात. खालून वर येणाऱ्या या स्पंदामुळे तेथे प्रकाशाचे कडे उमटते आणि पसरत पसरत ४०० किलोमीटर व्यासाचे होते. हे सारे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात! एवढ्या वेळात प्रकाश स्वतः जेमतेम ३०० किलोमीटर जातो, यावरून त्या कड्याच्या वेगाची कल्पना करा. या कड्यांचे नाव 'एल्व्ज'. एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ते केलेले आहे, पण अक्षरे कशी जुळवायची हे आधीच ठरले होते, असा आम्हाला दाट संशय आहे.

साध्या डोळ्यांनी एल्व्ज दिसण्याची आशा धरू नका. स्प्राइट मात्र दिसू शकतात. त्यासाठी शहराच्या दिव्यांपासून दूर, चांदणे नसलेली रात्र हवी, आपल्या डोक्यावरचे आकाश निरभ्र हवे आणि दोन-तीनशे किलोमीटरवर विजांचे मोठे वादळ चालू हवे. एल्व्ज टिपायला अतिशय जलद उपकरणे लागतात. २०१८पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील एका उपकरणाने हे काम केले आहे. आर्जेन्टिनातील पिएर ऑजे वेधशाळा बांधली गेली ती विश्वकिरणांसाठी, पण तिच्या दुर्बिणींना शेकडो किलोमीटरवरच्या वादळांवरील एल्व्जही दिसतात. एकाच विजेने एकापाठोपाठ एक अशी दोन कडी उमटवल्याच्या नोंदीही तेथे झाल्या आहेत.